हाती आलेली रायफल : ठेवावी की सोपवावी?

बंदूक किंवा रायफल माणसाच्या हाती अनेक वाटांनी येते. कुणी ती दुकानातून विकत घेतो, कुणाला ती दुसऱ्या शस्त्राच्या किंवा येणे रकमेच्या बदल्यात मिळते, कुणाच्या वाट्याला ती वडिलांच्या पश्चात येते, तर कुणाच्या घरात ती ओळखीच्या माणसाने ‘थोडे दिवस राहू द्या’ म्हणून आणून ठेवलेली असते. विकत घेतलेले ते आपले, बदल्यात आलेले बहुतेक आपले आणि सांभाळायला दिलेले मुळीच आपले नाही, अशी वाटणी मन आपोआप करते. पण भारतातील शस्त्रविषयक कायदा ही वाटणी मानत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ हा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला असून त्याच्या तिसऱ्या कलमानुसार परवान्याशिवाय अग्निशस्त्र मिळवणे, जवळ बाळगणे किंवा घेऊन फिरणे यांपैकी प्रत्येक गोष्टीला मनाई आहे, आणि ते शस्त्र कोणत्या वाटेने आले हा प्रश्न त्यानंतरचा ठरतो. त्यामुळे ‘ही रायफल ठेवावी का’ हा प्रश्न ज्याच्यापुढे उभा राहतो, त्याने ती किती चांगली आहे, किती किमतीची आहे किंवा किती उपयोगी पडेल याचा विचार करण्याआधी, ती ठेवण्याचा अधिकार आपल्याला आहे का, हे पाहावे लागते.

हा अधिकार दुहेरी असतो, म्हणजे तो एका ठराविक व्यक्तीला एका ठराविक शस्त्रापुरता मिळतो. परवान्यावर शस्त्राचा प्रकार, त्याचा बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास, आणि शस्त्रावर कोरलेला क्रमांक नोंदवलेला असतो. त्यामुळे बारा बोअरच्या बंदुकीचा परवाना असलेल्या माणसाच्या कपाटात दुसरी एखादी रायफल सापडली, तर पहिल्या परवान्याचा तिला काहीही आधार मिळत नाही. मुंबईच्या उपनगरांत, मुलुंड किंवा घाटकोपरच्या गृहनिर्माण सोसायटीत मालक वारला की नामनिर्देशनाच्या आधारे भागदाखल्यावर वारसाचे नाव चढते आणि मधल्या काळात त्याच सदनिकेत कुटुंब राहत असते, त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. शस्त्राचे तसे नाही. परवानाधारकाच्या मृत्यूबरोबर त्या परवान्याखालचा ताबा संपतो, आणि नवा परवाना हाती येईपर्यंत ते शस्त्र घरात असणे हीच मुळात अडचणीची बाब असते.

अर्धस्वयंचलित रायफलीच्या बाबतीत हा प्रश्न आणखी कठीण होतो, आणि त्याचे कारण तिच्या रचनेत आहे. साध्या बोल्ट रायफलीत प्रत्येक गोळीनंतर नळीमागचा बोल्ट हाताने मागे ओढावा लागतो, म्हणजे रिकामे काडतूस बाहेर पडते, आणि तो पुढे ढकलला की नवे काडतूस नळीत बसते. अर्धस्वयंचलित रायफलीत हे काम दारूच्या स्फोटातून निघणारा वायू किंवा मागे बसणारा धक्का करतो : बोल्ट आपोआप मागे जातो, रिकामे काडतूस उडते, स्प्रिंग बोल्टला पुन्हा पुढे आणते आणि मॅगझिनमधले पुढचे काडतूस जागेवर येते, नेमबाजाला फक्त दर गोळीला चाप ओढावा लागतो. पूर्ण स्वयंचलित शस्त्रात तेवढेही करावे लागत नाही, कारण चाप दाबून धरला की मॅगझिन रिकामे होईपर्यंत गोळ्या सुटत राहतात. शस्त्र अधिनियमाने ‘प्रतिबंधित शस्त्र’ ही संज्ञा या शेवटच्या प्रकारासाठी वापरली आहे, आणि तिची व्याख्या करताना शस्त्राचा वापर कसा झाला याकडे न पाहता त्याची घडण कशी आहे, किंवा ते कशासाठी बदलून घेतले आहे, एवढेच पाहिले आहे.

अर्धस्वयंचलित रायफल या व्याख्येत बसत नाही, म्हणून ती सर्वसामान्य माणसाला सहज मिळत असावी असा समज होण्याचा संभव असतो, पण तो खरा नाही. शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत शस्त्रांचे वर्ग पाडलेले आहेत आणि त्यांत पिस्तुले वगळता अर्धस्वयंचलित अग्निशस्त्रे पहिल्याच वर्गाच्या ‘ब’ उपवर्गात, म्हणजे ज्यांना ‘निर्बंधित’ म्हटले जाते त्या शस्त्रांत, टाकलेली आहेत. त्यांचा परवाना देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याकडे किंवा पोलीस आयुक्ताकडे नसून केंद्रीय गृह मंत्रालयाकडे आहे, आणि तो जिवाला गंभीर धोका असलेल्या मोजक्या व्यक्तींपुरताच विचारात घेतला जातो. लष्कराची आणि पोलिसांची काडतुसे ज्यांत बसतात अशा .३०३ आणि ७.६२ मिलिमीटर बोअरच्या रायफली त्याच वर्गात आहेत, मग त्या हाताने बोल्ट ओढण्याच्या का असेनात. सरकारी दारूगोळा चोरवाटेने खासगी हातांत जाऊ नये हा त्यामागचा उद्देश आहे. म्हणूनच शिकारी किंवा शेतकरी यांच्यासाठी सरकारी कारखान्यांनी .३१५ हा वेगळा बोअर ठेवला, ज्याचे काडतूस सैनिकाच्या रायफलीत चालत नाही. अशा व्यवस्थेत मुंबईच्या उपनगरातल्या नोकरदाराच्या किंवा व्यापाऱ्याच्या हाती बदल्यात अर्धस्वयंचलित रायफल आली, तर ती ठेवण्याजोगी आहे का याचे उत्तर जवळजवळ नेहमी ‘नाही’ असेच येते, आणि ती देणाऱ्याकडे ती कशी आली हा पुढचा प्रश्न पोलिसांपुढे उभा राहतो.

शस्त्रांची अदलाबदल मुळातच बेकायदेशीर आहे असे मात्र नाही. अधिनियमाच्या पाचव्या कलमाने खासगी वापराचे शस्त्र दुसऱ्या पात्र व्यक्तीला विकण्याची किंवा हस्तांतरित करण्याची मुभा ठेवली आहे; परंतु देणाऱ्याने तसा हेतू जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवला पाहिजे आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ दिले पाहिजेत, शिवाय घेणाऱ्याजवळ त्याच प्रकारच्या शस्त्राचा परवाना असला पाहिजे. हे ४५ दिवस निव्वळ कागदी सोपस्कारासाठी नाहीत. घेणारा कोण, त्याच्यावर गुन्हे आहेत का आणि त्याला शस्त्राची गरज का पडली, याचा तपास करण्याची संधी त्या काळात शासनाला मिळते. त्यामुळे हस्तांदोलनाने झालेला शस्त्राचा सौदा, मग दोन्ही बाजू कितीही सज्जन असोत, कायद्याच्या लेखी सौदाच ठरत नाही. दोघेही त्यात अडकतात.

या सगळ्या तरतुदींचा अर्थ उपनगरांतील ज्या एका खटल्यातून सर्वांत स्पष्ट झाला, तो वांद्र्याच्या पाली हिल भागात घडलेला आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत भीषण दंगली झाल्या. त्या काळात अभिनेते आणि मुंबई वायव्य मतदारसंघाचे खासदार सुनील दत्त दंगलग्रस्तांना मदत करीत होते आणि त्यावरून त्यांच्या घरी धमक्या येत होत्या. त्यांचे पुत्र अभिनेते संजय दत्त यांच्या घरी जानेवारी १९९३ च्या मध्यात टोळीगुंड अबू सालेम आणि त्याच्याबरोबरच्या माणसांनी एके-५६ जातीच्या तीन रायफली, काडतुसे आणि हातबॉम्ब आणून दिले. न्यायालयीन नोंदींनुसार दत्त यांनी थोड्याच दिवसांत त्यांतील दोन रायफली परत पाठवल्या आणि एक ठेवून घेतली. दत्त यांना शिकारीची आवड होती आणि परवान्याची तीन शस्त्रे त्यांच्याकडे आधीपासून होती, म्हणजे परवाना म्हणजे काय, तो कोणाकडून मिळतो आणि त्यावर काय लिहिलेले असते हे त्यांना ठाऊक होते. या खटल्याचा विचार करताना ही गोष्ट विसरता येत नाही.

एके-५६ ही चीनमध्ये बनलेली, सोव्हिएत कलाश्निकोव्हच्या नमुन्यावर बेतलेली रायफल असून तिच्या उजव्या अंगाला एक लांब पट्टीवजा खटका असतो. तो सर्वांत वर असला की रायफल बंद राहते, मधल्या खाचेत असला की चाप दाबून धरेपर्यंत गोळ्या सुटतात, आणि सर्वांत खाली असला की दर ओढीला एकच गोळी सुटते. म्हणजेच एकच शस्त्र खटक्याच्या एका स्थितीत अर्धस्वयंचलित आणि दुसऱ्या स्थितीत पूर्ण स्वयंचलित असते, परंतु कायदा घडणीकडे पाहत असल्यामुळे ते प्रत्येक क्षणी प्रतिबंधितच राहते. ‘आम्ही ती एकेरी गोळीसाठीच वापरली असती’ किंवा ‘आम्ही ती चालवलीच नाही’ अशा सबबींना तिथे जागा उरत नाही.

१२ मार्च १९९३ रोजी मुंबईत बॉम्बस्फोटांची मालिका घडली, आणि तपास पुढे सरकताच दत्त यांचे नाव समोर आले. ते त्या वेळी चित्रीकरणासाठी मॉरिशसमध्ये होते. तिथून त्यांनी घरातली रायफल नष्ट करण्यास मित्राला सांगितले, असे पुढे सिद्ध झाले. रायफल नष्ट झाली खरी, पण तिची एक स्प्रिंग आणि एक दांडा पोलिसांच्या हाती लागलाच. १९ एप्रिल १९९३ रोजी मुंबईत परतताच दत्त यांना अटक झाली. रायफल आपण वडिलांच्या आणि कुटुंबाच्या रक्षणासाठी ठेवली होती, हे त्यांच्या कबुलीजबाबात होते, आणि हा जबाब त्यांनी नंतर नाकारला तरी न्यायालयाने तो ग्राह्य धरला. विशेष न्यायाधीश प्रमोद कोदे यांनी नोव्हेंबर २००६ मध्ये त्यांना दहशतवादविरोधी ‘टाडा’ कायद्याखालील आरोपांतून मुक्त केले, पण शस्त्र अधिनियमाखाली दोषी ठरवले, आणि ३१ जुलै २००७ रोजी सहा वर्षांची सक्तमजुरी सुनावली. सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०१३ रोजी ती पाच वर्षांवर आणली. त्या काळच्या कायद्यात प्रतिबंधित शस्त्र बाळगण्यासाठी पाच वर्षे हीच किमान शिक्षा होती, त्यामुळे त्याहून खाली जाण्यास न्यायालयाला वावच नव्हता. येरवड्याच्या तुरुंगातून त्यांची सुटका २५ फेब्रुवारी २०१६ रोजी झाली.

या खटल्याकडे पाहताना चर्चा बहुधा नट, त्याचे घराणे आणि त्याचे साथीदार यांच्याभोवती फिरते, आणि त्या गदारोळात शस्त्र बाळगण्याविषयीचा खरा मुद्दा हरवतो. दत्त बॉम्बस्फोटांच्या कटात सामील नव्हते, हे न्यायालयाने मान्य केले होते. दोन रायफली त्यांनी परत केल्या होत्या, म्हणजे त्यांच्या मनाने धोका ओळखला होता. तरीही ज्या क्षणी ‘एक राहू दे’ असे ठरले, त्या क्षणी गुन्हा पूर्ण झाला, आणि नंतरच्या भीतीने ती नष्ट केल्यानेही तो पुसला गेला नाही. शिवाय ज्यांनी शस्त्र आणून दिले त्यांच्याकडेच दोन रायफली परत गेल्या. पोलिसांकडे एकही गेली नाही. घरात आलेले बेकायदेशीर शस्त्र देणाऱ्याला परत करणे म्हणजे ते पुन्हा त्याच वाटेवर सोडून देणे होय, आणि शहराच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यात काहीही सुटलेले नसते. घाबरलेल्या कुटुंबाला आपल्या माणसांच्या रक्षणाची काळजी वाटणे अत्यंत स्वाभाविक आहे, आणि त्या काळजीची थट्टा कुणी करू नये. परंतु १९९३ च्या त्या जानेवारीत मुंबईतल्या हजारो कुटुंबांना तीच काळजी होती, आणि त्यांतील फार थोड्यांना अशी रायफल मिळवण्याची सोय होती.

कायद्याची भाषा इथे थोडी उलगडून सांगितली पाहिजे. ‘ताबा’ याचा अर्थ शस्त्र हातात धरणे एवढाच होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मधील गुनवंतलाल खटल्यात असे स्पष्ट केले की, ताबा जाणीवपूर्वक असला पाहिजे, पण शस्त्र प्रत्यक्ष अंगावर नसले आणि दुसऱ्याच्या जागेत असले तरी त्यावर नियंत्रण असेल तर तो ताबाच होय. या तत्त्वाला दोन बाजू आहेत. अंधेरीच्या विमानतळावर प्रवाशाच्या पिशवीत एखादे जुने काडतूस सापडते आणि त्याला त्याची खरोखरच कल्पना नसते, अशा प्रसंगी जाणीव नव्हती हा बचाव न्यायालयांनी अनेकदा मान्य केला आहे. मात्र ज्याने एकदा ट्रंक उघडून आतली रायफल पाहिली आणि झाकण पुन्हा लावले, त्याला हा बचाव उरत नाही. विचार करायला वेळ हवा म्हणून महिनोन्‌महिने काढणारा माणूस निर्णय लांबणीवर टाकत आहे असे स्वतःला समजावतो, पण कायदा त्याने निर्णय घेतला असे मानतो.

उपनगरांत हा प्रश्न टोळ्यांपेक्षा घराण्यांच्या वाटेने अधिक येतो. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून आलेली असंख्य कुटुंबे आहेत, आणि गावाकडच्या घरात रानडुकरे व माकडे यांच्यापासून भातशेती आणि बागा वाचवण्यासाठी शेतीसंरक्षणाचा परवाना काढून ठेवलेली ठासणीची किंवा काडतुसाची बंदूक कोकणात नवलाची नाही. अधिनियमाच्या तेराव्या कलमाने खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद मुद्दाम केली आहे. गावी राहणारे वडील गेले की बंदूक मुंबईतल्या मुलाच्या पदरात येते, आणि तिथे भावना आणि कायदा यांची गाठ पडते. आजोबांनी खांद्यावर घेतलेली, दस्त्यावर तेलाचे डाग मुरलेली ती बंदूक म्हणजे घराण्याची आठवण असते आणि ती पोलीस ठाण्यात नेऊन देणे म्हणजे काहीतरी गमावणे असे मुलाला वाटते, हे समजण्याजोगे आहे. परंतु पीकसंरक्षणासाठी दिलेला परवाना शेताला आणि ठराविक क्षेत्राला बांधलेला असतो. बोरिवलीच्या सातव्या मजल्यावर पीक नाही, आणि म्हणून तो आधारही उरत नाही.

वारसांसाठी मार्ग आहेत. शस्त्र नियम, २०१६ च्या पंचविसाव्या नियमानुसार परवानाधारकाच्या मृत्यूनंतर त्याच्या कायदेशीर वारसाला, किंवा परवानाधारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केल्यावर अथवा शस्त्र २५ वर्षे बाळगल्यावर त्याने निवडलेल्या वारसाला, नव्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते, आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्रही त्याला द्यावे लागते. बृहन्मुंबईत, म्हणजे शहर आणि उपनगर या दोन्ही जिल्ह्यांत, परवाना देणारा अधिकारी पोलीस आयुक्त असतो. वांद्र्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात त्यासाठी जाण्याचे कारण नाही. तोपर्यंत शस्त्र कुठे ठेवावे याचे उत्तर एकविसाव्या कलमात आहे : ताबा कायदेशीर राहिला नाही की विनाविलंब ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे. जमा केलेले शस्त्र हातचे गेले असे होत नाही. ठरलेल्या मुदतीत परवाना मिळाला तर वारसाला ते परत मिळते, आणि परवाना नको असेल तर पात्र माणसाला विकण्याची परवानगीही त्याला देता येते. मुदत उलटून गेली तर मात्र ते सरकारजमा होते. आणखी एक तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते : जुन्या बनावटीचे, पुराणवस्तू म्हणून मोल असलेले किंवा मोडलेले जे शस्त्र दुरुस्त करूनही चालू होण्याजोगे नाही, ते पंचेचाळिसाव्या कलमाने या अधिनियमातून वगळले आहे. भिंतीवरची गंजलेली तोड्याची बंदूक अशी असू शकते. पण ती खरोखर निकामी आहे हे जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय तसे गृहीत धरणे शहाणपणाचे नाही.

ज्यांच्याकडे परवान्याची शस्त्रे होती, त्यांनाही २०१९ नंतर ‘कोणते ठेवावे’ हा प्रश्न सोडवावा लागला. पूर्वी एका व्यक्तीला तीन अग्निशस्त्रे ठेवता येत असत. डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने अधिनियमात दुरुस्ती केली. मूळ विधेयकात ही संख्या एकवर आणण्याचा प्रस्ताव होता, पण आक्षेप आल्यावर ती दोन ठरली, आणि तिसरे शस्त्र जमा करण्यासाठी एक वर्षाची मुदत देण्यात आली. याच दुरुस्तीने वारसाहक्काने येणारी शस्त्रेही या दोनच्या मर्यादेत आणली, परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली, आणि प्रतिबंधित शस्त्र बाळगण्याची शिक्षा किमान सात आणि कमाल चौदा वर्षांपर्यंत नेली. म्हणजे १९९३ चा तो खटला आजच्या कायद्याखाली चालला असता, तर किमान शिक्षा पाचऐवजी सात वर्षांची झाली असती.

अधिकार असला तरी ठेवावे का, हा प्रश्न तरीही शिल्लक राहतो, आणि त्याचे उत्तर उपनगरातल्या घरांच्या आकाराशी निगडित आहे. दोन खोल्यांच्या सदनिकेत शस्त्र ठेवण्याची वेगळी जागा नसते. एकच लोखंडी कपाट असते, त्याच्या किल्ल्या घरातल्या सर्वांना माहीत असतात, मुले तिथेच खेळतात आणि पाहुणे तिथेच झोपतात. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या जुहूच्या घरी त्यांचे स्वतःचे परवान्याचे रिव्हॉल्व्हर ठेवताना हातातून निसटले आणि सुटलेली गोळी त्यांच्या पायात घुसली. सर्व कागदपत्रे व्यवस्थित असताना आणि हाताळणारा माणूस स्वतः परवानाधारक असताना हे घडले. त्याहून भयंकर घटना ८ फेब्रुवारी २०२४ रोजी बोरिवली पश्चिमेच्या आयसी कॉलनीत घडली. माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर समाजमाध्यमावरील थेट प्रक्षेपणाच्या वेळी गोळ्या झाडण्यात आल्या, त्यांत त्यांचा मृत्यू झाला, आणि हल्लेखोराने स्वतःलाही गोळी घालून घेतली. वापरलेले पिस्तूल हल्लेखोराच्या अंगरक्षकाच्या परवान्याचे होते, असे तपासात पोलिसांनी सांगितले, आणि त्या अंगरक्षकाला शस्त्र अधिनियमाखाली अटक झाली. परवाना व्यक्तीला दिलेला असतो, याचा अर्थ या घटनेत जितक्या क्रूरपणे समोर आला तितका कोणत्याही नियमपुस्तकात येत नाही : कुलूप दुसऱ्याच्या हाताला उघडते तिथे परवान्याने दिलेली सुरक्षितता संपते.

नेमबाजी करणाऱ्यांसाठी मात्र एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या मैदानावर उपनगरांतून नियमितपणे जाणारी मुले आहेत. १० मीटर स्पर्धेची .१७७ बोअरची एअर रायफल, तिची शक्ती २० ज्यूलच्या आत असेल तर, परवान्याच्या कक्षेत येत नाही. आणि ५० मीटरच्या स्पर्धेतील .२२ रायफल परवान्याची असली तरी ती एकेरी गोळीची असते, दर गोळीला काडतूस हाताने भरावे लागते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे कांस्यपदक मिळवले ते अशाच रायफलीवर. त्यामुळे ‘मुलाला नेमबाजी शिकवायची आहे’ हे अर्धस्वयंचलित रायफल ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही.

हा प्रश्न भारतापुरता नाही. अमेरिकेत एकाच राज्यातील दोन खासगी व्यक्तींनी रायफलींची अदलाबदल केली तर संघराज्याचा कायदा पार्श्वभूमीच्या तपासणीची अट घालत नाही, काही राज्यांनी मात्र ती घातली आहे. म्हणून तिथे ‘ठेवावी की विकावी’ हा बहुतांशी आवडीनिवडीचा आणि पैशाचा प्रश्न असतो. १९९४ पासून दहा वर्षे अमेरिकेत काही अर्धस्वयंचलित शस्त्रांच्या नव्या विक्रीवर बंदी होती, ती २००४ मध्ये संपली. ऑस्ट्रेलियाने दुसरी वाट धरली. एप्रिल १९९६ मध्ये टास्मानियातील पोर्ट आर्थर इथे एकाच माणसाने अर्धस्वयंचलित रायफलींनी ३५ जणांचे प्राण घेतले, त्यानंतर सरकारने अशा रायफलींवर बंदी घातली आणि नागरिकांकडून सुमारे साडेसहा लाख शस्त्रे मोबदला देऊन परत घेतली. न्यूझीलंडमध्ये १५ मार्च २०१९ रोजी ख्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ माणसे मारली गेली, आणि महिनाभराच्या आत तिथल्या संसदेने बहुतेक अर्धस्वयंचलित शस्त्रे बेकायदेशीर ठरवली, आणि पुढे सरकारने पन्नास हजारांहून अधिक शस्त्रे विकत घेतली. या दोन्ही देशांतल्या प्रामाणिक शिकाऱ्यांना आणि शेतकऱ्यांना कायदेशीररीत्या घेतलेली रायफल सोडावी लागली आणि त्यांतील अनेकांना ते जड गेले. पण ज्या साधनाने काही मिनिटांत डझनांनी माणसे मरू शकतात, त्याच्यावरील वैयक्तिक हक्कापेक्षा शेजाऱ्याच्या जिवाला अधिक मोल आहे, असा निर्णय त्या समाजांनी उघडपणे घेतला. भारताने तो निर्णय वेगळ्या शब्दांत फार आधी घेतलेला आहे, आणि दाट वस्तीच्या मुंबईत तो योग्यच आहे.

ज्यांच्या घरात, गावच्या माळ्यावर किंवा बंद पडलेल्या दुकानाच्या तिजोरीत परवान्याशिवायचे शस्त्र आज पडून आहे, त्यांनी ते हाताळू नये, हलवू नये, त्यातून काडतूस काढण्याचा प्रयत्न करू नये आणि कुणालाही देऊ नये. ते कधी आणि कसे सापडले हे एका कागदावर लिहून काढावे, फौजदारी कामाच्या वकिलाला दाखवावे, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तो कागद अर्ज म्हणून जवळच्या पोलीस ठाण्यात देऊन त्यावर पोच घ्यावी. शस्त्र स्वतः रिक्षात घालून नेण्याऐवजी पोलिसांनी जागेवर येऊन पंचनाम्याने ते ताब्यात घ्यावे, अशी विनंती त्याच अर्जात करावी. परवाना मृत नातेवाइकाचा असेल तर त्याची प्रत, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची लेखी संमती जवळ ठेवावी, म्हणजे पुढे स्वतःच्या नावाने अर्ज करण्याचा मार्ग मोकळा राहतो. पोलीस ठाण्याचा शिक्का बसलेली ती पोच जपून ठेवावी, कारण शस्त्र घरातून कोणत्या दिवशी कायदेशीरपणे बाहेर गेले याचा तोच पुरावा असतो.